ताई, आधी पासबुक भरून आणा

ताई, मिस्टर गेल्यावर घाईघाईत त्यांच्या नावावरचं सगळं बंद करायला जाऊ नका, लोक सगळ्यात आधी मिस्टरांचं सिमच बंद करतात आणि मग ओटीपी येत नाही, गॅस, लाइट सगळं अडकतं. तो नंबर छोट्या रिचार्जवर चालू ठेवा.

मग त्यांचं पासबुक भरून आणा आणि वर्षभराच्या एंट्र्या बघा. ओटीटी, जिम, जे आपोआप कटतंय त्याला पेन्सिलीने गोल करा, तेवढंच बंद करा. ४३६ रुपयांची एंट्री दिसली तर थांबा!! ती सरकारी जीवनज्योती विम्याची असू शकते, क्लेम २ लाखांचा असतो, बँकेत लगेच विचारा.

मुंबईत लाइटबिल बेस्टचं असो की अदानीचं, १०० युनिटनंतर दर चढतो, गीझरवर लक्ष ठेवा. सोसायटीचा मेंटेनन्स मात्र थकवू नका, व्याज लागतं. बिलांवरची नावं बदलायचं पुढच्या वेळी सांगते, आत्ता एवढंच करा.