वर्गात येण्याआधी निकाल वाचून ये

फोंडा

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. कॉलेज सुरू होऊन आठ दिवसही झाले नाहीत, तोवर एका विषयाच्या सरांनी चार पानं भरून नियम हातात दिले आणि तू घरी येऊन म्हणालीस, हे लॉ कॉलेज की प्राथमिक शाळा? कोर्ट सुटल्यावर मीही गेली अठरा वर्षं एक वर्ग घेते आणि दरवर्षी असाच कागद वाटते. म्हणून म्हटलं, तुला सविस्तर लिहावं.

हजेरीचं आधी उरकते. प्रत्येक विषयात ७० टक्के ही अट सरांनी घातलेली नाही, बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांत ती आहे. पावसात पणजीची कदंबा उशिरा पोचते हे खरं, पण कोर्टात पुकारा झाला की बस कुठे अडकली ते कोणी विचारत नाही. एक बस आधीची धर. मोबाईल बंद ठेवायला सांगितलंय, तर बंद ठेव. त्यावर वाद घालण्यात दम घालवू नकोस.

तुला खरा राग आलाय तो तिसऱ्या पानाचा, असं आई म्हणाली. कोर्टाचा निकाल वाचूनच वर्गात यायचं, सर कोणालाही उभं करणार, गाईड आणि तयार नोट्स चालणार नाहीत, वस्तुस्थिती, म्हणजे खटल्यात काय घडलं ते, स्वतःच्या शब्दांत लिहून आणायची. बाय, तुझी पाच वर्षं या एका पानावर उभी राहणार आहेत.

आपल्या गोव्याचंच उदाहरण घे. २०१९च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या एका कुटुंबाच्या वाटणीत निकाल दिला. वर्तमानपत्रांत गाजलं ते समान नागरी कायद्याबद्दलचं न्यायालयाचं मत. माझ्या वर्गातल्या मुलांना विचारलं, या निकालात काय ठरलं? निम्म्याहून जास्त जणांनी तेच सांगितलं. पण न्यायालयापुढचा प्रश्न वेगळाच होता. गोव्याचा रहिवासी असलेल्या माणसाचं घर मुंबईत होतं. ते त्याने मृत्युपत्राने एका मुलीला दिलं होतं. त्या घराला भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होणार, की १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा, ज्यात मुलांसाठी राखलेली अर्धी मालमत्ता मृत्युपत्राने काढून घेता येत नाही? न्यायालयाने सांगितलं, गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वारसाहक्क पोर्तुगीज कायद्यानेच ठरेल. ठरलं ते एवढं. समान नागरी कायद्यावरची वाक्यं त्या निकालात आहेत, पण ती जाता जाता केलेली टिप्पणी आहे, खालच्या कोर्टाला ती बांधत नाही. हा फरक गाईडमध्ये एका ओळीत वाचलास तर परीक्षेपुरता टिकेल. मूळ निकाल उघडून, वस्तुस्थिती कुठे संपते आणि प्रश्न कुठे सुरू होतो तिथे पेन्सिलने रेघ मारलीस, तर जन्मभर टिकेल. पहिला निकाल वाचायला तुला चार तास लागतील. लागू देत. दिवाळीपर्यंत दीड तासावर येशील.

स्वतः न वाचल्याने काय होतं ते मी भोगलंय, आणि मोल दुसऱ्याने दिलंय. सनद मिळून दोन वर्षं झाली होती. वाळपईकडच्या एका म्हाताऱ्या बाईंच्या नवऱ्याच्या मालमत्तेची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणी करायचं कोर्टातलं काम, माझ्याकडे आली. बागायत, राहतं घर, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, सगळं मी नीट लावलं. वारसांची यादी करताना त्या म्हणाल्या, थोरला जावई आमच्यात नाही, वीस वर्षांत उंबऱ्याला पाय लावला नाही. मी त्याचं नाव घातलं नाही. आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, म्हणून वारसाच्या जोडीदारालाही इन्व्हेंटरीत पक्षकार करावंच लागतं. हे मला ठाऊक होतं. पण विवाह नोंदणीचा दाखला मी मागवला नाही, बाईंच्या तोंडच्या शब्दावर भागवलं. समोरच्या वकिलांनी दाखला काढून पुढे ठेवला. अर्ज दुरुस्त करायचा, जावयाला नोटीस काढायची, यात महिने गेले. त्या बाई दोन बस बदलून, भर पावसात छत्री सांभाळत पुन्हा पुन्हा आल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. मला ते अजून सलतं. म्हणून मी वर्गात विचारते, हे तू स्वतः वाचलंस, की कोणी सांगितलं? तुझे सरही त्यासाठीच विचारत असतील.

आणि एखाद्या दिवशी वाचून झालं नाही तर? तास सुरू होण्याआधी सरांना जाऊन सांग, आज वाचलेलं नाही. उभं केल्यावर अंदाजाने बोलू नकोस. कोर्टात ‘माहिती घेऊन सांगते’ म्हणणाऱ्या वकिलाला पुढची तारीख मिळते. ठोकून दिलेलं खोटं निघालं, तर पुढच्या दहा प्रकरणांत न्यायाधीश त्याचा प्रत्येक शब्द तपासून घेतात.

निबंध एआयकडून लिहून घ्यायला कागदात मनाई आहे, तीही पाळ. २०२३ साली न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल अर्जात घातले. ते निकाल कधी झालेच नव्हते. पाच हजार डॉलर दंड झाला. दंड भरून मोकळं होता येतं, पण ज्याचा दावा होता त्या अशिलाचं काय? कोणी दिलेला संदर्भ असो, रिपोर्टरमध्ये, म्हणजे निकालांच्या छापील संग्रहात, तो निकाल डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुझ्या कागदावर येता कामा नये.

मराठी शाळेतून आल्यामुळे तू वर्गात गप्प बसतेस, हेही आईनेच सांगितलं. मीही मराठी शाळेतलीच. पहिलं वर्ष मी वस्तुस्थिती आधी मराठीत लिहून काढत असे: कोणी, कोणाला, काय दिलं, भांडण कशावरून. ते सुटसुटीत झालं की इंग्रजी आपोआप येत असे. जे मराठीत सरळ सांगता येत नाही, ते तुला अजून कळलेलं नाही असं समज. पुढे मुंडकाराची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याची, किंवा कुळाची केस आली की अशील तुझ्याशी कोंकणीत नाही तर मराठीतच बोलणार आहे, तेव्हा ही सवय उपयोगी पडेल.

इंटर्नशिपबद्दल आता काळजी नको. पाच वर्षांत मिळून वीस आठवडे करायची आहे, आणि एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त नाही. फक्त एक आत्ताच सांगून ठेवते: ज्या ऑफिसात बसशील तिथली फाईल बसमध्ये उघडायची नाही, आणि त्यातलं नाव घरी जेवतानासुद्धा काढायचं नाही. आईने विचारलं तरी नाही.

येत्या रविवारी तिसरा प्रहर मोकळा ठेव. तो चार पानांचा कागद आण आणि सरांनी दिलेला पहिला निकाल आण. गाईड आणू नकोस. येण्याआधी वस्तुस्थिती दहा ओळींत लिहून ठेव, मराठीत चालेल. मंगळवारी माझी फोंडा कोर्टात एक इन्व्हेंटरी आहे. तुझा तास दुपारी असेल तर सकाळी साडेनऊला फाटकापाशी थांब, मागच्या बाकावर बसवते.

तुझी,
मावशी