बिल तुम्ही भरलंत, नाव कोणाचं?

प्रश्न : ताई, वेंगुर्ल्यात आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. ओळखीच्या एका मुलाने वेबसाइट करून दिली. डॉट कॉमचं नाव त्यानेच घेतलं, दरवर्षी त्याला पैसे देतो. आता तो पुण्यात नोकरीला आहे आणि फोन क्वचित उचलतो. पुढच्या महिन्यात मुदत संपतेय. नाव दुसऱ्या कंपनीकडे हलवलं तर साइट नव्याने करावी लागेल का? पाकिटांवर छापलेल्या ईमेलचं काय होईल?
– एक काजू कारखानदार, वेंगुर्ले

उत्तर : दादा, साइटचं नंतर बघू. साइट पुन्हा करता येते, गेलेलं नाव परत मिळेलच असं नाही. डोमेनचा, म्हणजे तुमच्या डॉट कॉम नावाचा, सातबारा एकच, रजिस्ट्रारकडची (नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडची) नोंद. तिथे ज्याचं नाव आणि ज्याचा ईमेल, तो मालक. तुमच्याकडे पैसे दिल्याच्या पावत्या असतील तर जपून ठेवा, पण त्या पावत्यांनी नाव तुमचं होत नाही.

आज एवढं करा. डोमेन नावांचा जागतिक कारभार बघणाऱ्या आयकॅन संस्थेच्या लुकअप (शोध) पानावर तुमचं डोमेन टाका. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं दिसेल, पण रजिस्ट्रार कोण आणि मुदत नेमकी कधी संपते ते कळेल. तिथे ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ असं दिसलं तर दचकू नका. नाव परस्पर दुसरीकडे हलू नये म्हणून लावलेलं ते कुलूप आहे, आणि असायलाच हवं.

मग त्या मुलाला गाठा. फोन नाही तर त्याच्या आईकडे निरोप ठेवा. आपल्याकडे हा मार्ग नोटिशीपेक्षा लवकर पोचतो. भांडू नका. त्याच्यामागे बहुतेक लबाडी नसते, आळस असतो. त्याला दोनच कामं सांगा : आधी एका वर्षाचं नूतनीकरण, आणि मग डोमेन तुमच्या खात्यात ढकलणं. त्याच रजिस्ट्रारकडे तुम्ही स्वतःच्या ईमेलवर खातं उघडा, तो आपल्या खात्यातून तुमच्या खात्यात पाठवेल. खात्यासोबत नोंदीतलं मालकाचं नाव आणि ईमेलही बदलून घ्या, नाहीतर किल्ली तुमच्याकडे आणि नोंद त्याचीच, असं व्हायचं.

कंपनी बदलण्याचा नाद मुदत तोंडावर असताना मी तरी धरणार नाही. त्यासाठी कुलूप काढावं लागतं आणि ऑथ कोड, म्हणजे नाव हलवण्याचा परवलीचा शब्द, मागावा लागतो. नोंदलेल्या मालकाने मागितल्यावर रजिस्ट्रारने तो पाच दिवसांत द्यायचा असतो. नव्या कंपनीकडे अर्ज केल्यावर जुनी कंपनी आणखी पाच दिवस घेऊ शकते. यात एक मेख आहे : मालकाचं नाव वा ईमेल बदलला की बहुतेक रजिस्ट्रार ६० दिवस डोमेन बाहेर जाऊ देत नाहीत. तुम्हाला त्याने काही बिघडत नाही. नाव तुमच्या खात्यात आलं की पावसाळ्यात निवांत हलवा. डॉट कॉम हलवताना भरलेल्या पैशांत मुदतही एक वर्षाने वाढते, त्यामुळे ते पैसे वाया जात नाहीत.

आता ईमेल. नाव हलल्याने साइट पुसली जात नाही, कारण ती होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर असते. पण डीएनएसच्या नोंदी (साइट आणि ईमेल कुठे आहेत ते सांगणाऱ्या) जुन्या कंपनीकडेच असतील तर ती सेवा बंद होऊ शकते. म्हणून हलवण्याआधी त्या नोंदींच्या पानाचे फोटो काढून ठेवा. लोक साइट उघडते का ते बघतात आणि ईमेल कुठे पोचवायचा ते सांगणारी एमएक्सची नोंद विसरतात. मग साइट झकास चालते आणि मुंबईच्या व्यापाऱ्याची ऑर्डर वाटेतच अडकते.

मुदत संपलीच तर लगेच सगळं जात नाही. डॉट कॉमला बरेच रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात, मात्र साइट आणि ईमेल तेवढ्यात बंद पडलेले असतात. डोमेन रद्द झालं की ३० दिवसांची सोडवणुकीची मुदत लागते; तिचा दंड काजूच्या भावालाही लाजवेल. त्यानंतर पाच दिवसांनी नाव कोणालाही मोकळं.

आणि मुलाने नाहीच दिलं तर? २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळतं असं म्हटलंय. डॉट कॉमसाठी यूडीआरपीची, म्हणजे डोमेनचे वाद कोर्टाबाहेर सोडवण्याच्या पद्धतीने, तक्रारही करता येते, पण वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचाचंच शुल्क १,५०० डॉलर आहे, आणि समोरच्याने वाईट हेतूने नाव घेतलं व वापरलं हे दाखवावं लागतं. तुमच्यासाठीच घेतलेल्या नावाबाबत ते सिद्ध करणं सोपं नाही. त्यापेक्षा वकिलाची नोटीस स्वस्त, आणि त्याची आई फुकट.

प्रश्न : देवनागरीत ‘डॉट भारत’ नाव घ्यावं का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : घ्या, पण जोडीला. २०१४ पासून ते मिळतं आणि पाटीवर शोभतंही. मात्र ग्राहकाला कळफलक बदलावा लागतो, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तो भलतीकडे पोचतो, आणि असा ईमेल पत्ता कित्येक अर्ज स्वीकारत नाहीत. छापील पाकिटावर रोमन नावच ठेवा. आणि ‘तुमचं नाव चीनमध्ये कोणीतरी नोंदवतंय, लवकर पैसे भरा’ असा ईमेल आला तर तो थेट कचऱ्यात टाका. ती जुनी फसवणूक आहे.