दोन ऑप्शन उरतात आणि गोल चुकीचाच होतो

प्रश्न : मॅडम, मी नीटसाठी ड्रॉप घेतलाय, लातूरला रूमवर राहते. टेस्ट सिरीजमध्ये दोन ऑप्शन आरामात उडवते पण उरलेल्या दोनात हमखास चुकीचाच गोल होतो. आणि आता तर ते चुकीचे ऑप्शन वाचून वाचून तेच डोक्यात बसलेत, बरोबर काय ते आठवतच नाही. टेस्ट कमी करू का?

उत्तर : अजिबात कमी करू नकोस. पण तुला जे वाटतंय ते खरं आहे, मनाचे खेळ नाहीत. २००५ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि मार्श या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं होतं, विद्यार्थ्यांना आधी एमसीक्यू म्हणजे ऑप्शनवाले प्रश्न सोडवायला दिले आणि मग तेच प्रश्न ऑप्शन न देता विचारले. टेस्ट दिल्याचा फायदा झालाच, बरोबर उत्तरं वाढली, पण काही जणांनी आधी गोल केलेलं चुकीचं उत्तरच परत लिहिलं, आणि ऑप्शन जितके जास्त होते तितकं हे जास्त झालं. पुढे २००८ मध्ये बटलर आणि रोडिगर यांना दिसलं की बरोबर उत्तर सांगितलं की हा तोटा बराच कमी होतो, लगेच सांगा नाहीतर पूर्ण पेपर झाल्यावर सांगा.

म्हणजे त्रास टेस्टचा नाहीये, टेस्टनंतर आपण काय करतो त्याचा आहे. बहुतेक मुलं मार्क बघतात, रँक बघतात, जे चुकलं त्याचं उत्तर अन्सर की मधून बघून "अरे हो" म्हणतात आणि पुढच्या चॅप्टरला जातात, आणि तो चुकीचा ऑप्शन तसाच राहतो डोक्यात. तू असं कर, ज्या ज्या प्रश्नात दोन ऑप्शन उरले होते तिथे त्याच दिवशी वहीत एकच ओळ लिही, बरोबर का बरोबर हे नाही, दुसरा का चूक ते. उदाहरण घे, सरळ वर फेकलेला चेंडू सगळ्यात वरच्या टोकाला आहे, त्याचं त्वरण किती? 'शून्य' हा ऑप्शन इतका ओढतो कारण तिथे चेंडूचा वेग खरंच शून्य असतो, त्वरण मात्र ९.८ च असतं आणि खालच्या दिशेने. ही ओळ स्वतःच्या हाताने लिहिलीस की वेग आणि त्वरण यातला फरकच पक्का होतो. तसंच फुप्फुस धमनीचं, धमनी म्हटलं की ऑक्सिजनवालं रक्त असं पाठ असतं आणि इथे नेमकं उलट. लिटल, बियॉर्क वगैरेंच्या २०१२ च्या कामात हे दिसलं की चुकीचे ऑप्शन खरे वाटण्यासारखे असले की मुलं ते का चूक हे आठवायला लागतात आणि पुढे त्याच ऑप्शनवर प्रश्न आला तर तो सुटतो. म्हणून मला तरी फसवा ऑप्शन हा शत्रू वाटत नाही, तुझं कुठे कच्चं आहे ते तो फुकटात सांगतोय.

पेपरमध्ये मात्र एक सवय लाव, प्रश्न वाचताना ऑप्शन हाताने झाक, उत्तर आधी मनात आण आणि मग बघ. दोन खरंच उरले असतील तर सोडू नकोस, बरोबरला ४ आणि चुकीला वजा १ असताना दोनातून निवडलं तर सरासरीने प्रश्नामागे दीड मार्क मिळतो. आणि पहिलं मनात आलेलं बदलू नये असं सगळे सांगतात ना, ते धरून बसू नकोस, उत्तरं बदलण्यावरच्या अभ्यासात चुकीचं बदलून बरोबर झालेलीच जास्त सापडलीत. फक्त बदलायला कारण पाहिजे, नुसती भीती नको.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या झेडपी शाळेत शिक्षक आहे. स्कॉलरशिपच्या सरावासाठी प्रश्न स्वतः काढतो पण तीन चुकीचे पर्याय सुचतच नाहीत, मग 'वरीलपैकी सर्व' टाकतो किंवा काहीतरी आकडे लिहितो. काय करावं?

उत्तर : सर, पर्याय डोक्यातून काढूच नका, मुलांच्या वह्यांतून काढा. १/२ + १/३ हे गणित आधी पर्याय न देता फळ्यावर लिहा आणि काय काय उत्तरं येतात बघा. कोणी २/५ लिहील, त्याने वरचे वर आणि खालचे खाली मिळवले. कोणी १/६, त्याने गुणाकार केला. कोणी १/५, त्याने फक्त छेद मिळवले. झाले की तीन पर्याय, आणि प्रत्येकामागे एक खरी चूक आहे, म्हणजे ज्याने २/५ ला गोल केला त्याला काय शिकवायचं ते पेपर तपासतानाच कळतं. काहीतरी आकडे टाकले तर फक्त 'चुकलं' एवढंच कळतं.

अमेरिकेत हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बल या विषयावरची एक चाचणी याच पद्धतीने बनवली. मोठा ट्रक छोट्या गाडीवर आदळला तर कोण कोणावर जास्त बल लावतं, असे साधे प्रश्न, आणि चुकीचे पर्याय म्हणजे मुलं मनापासून जे मानतात तेच. ट्रक जास्त बल लावतो असं आपल्यालाही वाटतंच, खरं तर दोन्ही सारखंच. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी ती आपल्या वर्गाला दिली तेव्हा एका मुलीने विचारलं की तुम्ही शिकवलं तसं लिहू की मी एरवी विचार करते तसं! त्यानंतर त्यांनी शिकवायची पद्धतच बदलली.

बाकी काही बारीक गोष्टी. बरोबर पर्यायच सगळ्यात लांबलचक नको, मुलं लांबीवरून ओळखतात. 'वरीलपैकी सर्व' शक्यतो नकोच, दोन बरोबर दिसले की काम झालं. प्रश्नात 'नाही' असेल तर ठळक करा, तो शब्द नजरेतून सुटला म्हणून पोराचा मार्क जाणं मला अन्यायच वाटतो, त्यात गणित कुठे तपासलं? पेपर झाल्यावर कोणत्या पर्यायाला किती गोल आले ते मोजा, ज्याला कोणीच हात लावला नाही तो बदला, आणि वर्गातली हुशार मुलं एकाच चुकीच्या पर्यायावर गेली असतील तर आधी प्रश्न तपासा. स्कॉलरशिपला चार पर्याय असतात म्हणून सराव चारचाच ठेवा, पण वर्गातल्या रोजच्या चाचणीला तीन पुरतात, रॉड्रिगेझ यांनी २००५ मध्ये ८० वर्षांचं संशोधन एकत्र करून हेच सांगितलंय.

प्रश्न : ताई, आमचं घर दोन खोल्यांचं. सासूबाई संध्याकाळी सिरियल लावतात, मुलगा म्हणतो लक्ष लागत नाही. पण पंख्याचा खडखडाट चालतो त्याला! बहाणा आहे का?

उत्तर : नाही हो, बहाणा नाहीये. एकसारखा आवाज मेंदू बाजूला टाकतो, बोलणं नाही टाकता येत, बोलण्यातले आवाज सतत बदलतात म्हणून. १९७६ च्या एका प्रयोगात तर न समजणाऱ्या परक्या भाषेतलं बोलणं कानावर पडत होतं तरी क्रमाने लक्षात ठेवायचं काम बिघडलं. पाठांतर, पाढे, सनावळ्या यांना सगळ्यात जास्त फटका बसतो. सासूबाईंची सिरियल बंद करायला लावू नका, त्यांचाही तेवढाच वेळ असतो, त्या वेळात मुलाला चित्र, प्रयोगवही, समास आखणं असलं काम द्या आणि पाठांतर सकाळी घ्या. गाणी लावून अभ्यास करत असेल तर शब्द नसलेली लावू दे.