हापशाचा दांडा आणि पोराचा दात

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. रविवारी हापशावर पाणी भरताना दांडा हातातून सुटला आणि त्याच्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. रक्त ओठातून आलं, दातातून नाही. थंड पाणी लागलं की कळवळतो. सासूबाईंनी लवंगाचं तेल लावलं. तुकडा सापडला, तो कागदात बांधून ठेवलाय. घरचे म्हणतात, मोठा झाल्यावर कॅप बसवू. शेजारचे म्हणतात, काढूनच टाका. काय करू? (एक आई, एरंडोल तालुका)

उत्तर : ताई, तुमचं पत्र हाती पडलं त्याच दिवशी तुम्हाला फोन करून दवाखाना गाठायला सांगितलं. इथे सविस्तर लिहिते, कारण हापशाच्या दांड्याने दात तुटलेली पोरं माझ्या अमळनेरच्या दवाखान्यात कायम येतात, आणि ‘मोठा झाल्यावर बघू’ असं म्हणून महिनोन्‌महिने घरी थांबलेली असतात.

थांबू नका. हा दात सातव्या-आठव्या वर्षी येतो, पण हिरडीखालचं त्याचं मूळ पूर्ण व्हायला साधारण दहावं वर्ष उजाडतं. म्हणजे तुमच्या पोराच्या दाताचं मूळ अजून वाढतंय. आतली नस जिवंत राहिली तरच ते नीट वाढेल. नस मेली तर मूळ आखूड आणि पातळ राहतं, आणि असा दात पुढे साध्या धक्क्याने मोडतो. पोरगं हसताना कसं दिसेल याची काळजी तुम्हाला आहे, ती रास्तच आहे. मला आधी काळजी त्या नसेची आहे.

थंड झोंबतं, म्हणजे वरचं इनॅमल जाऊन आतलं पिवळसर डेंटिन उघडं पडलंय. डेंटिनमध्ये नसेकडे जाणाऱ्या बारीक नळ्या असतात. गारठा पोचतो त्याच वाटेने जंतूही पोचतात, म्हणून ती जागा लवकर झाकायची. तुटलेल्या जागी लाल ठिपका असता तर नसच उघडी पडली असती. पण तेव्हाही या वयात दात काढत नाहीत. नसेचा वरचा थोडा भाग काढून औषध भरलं की उरलेली नस बहुतेक वेळा जगते. तेव्हा ‘काढून टाका’ हा सल्ला मनातूनच काढा.

तुकडा कागदातून काढून वाटीभर स्वच्छ पाण्यात टाका. सुकला की तो खडूसारखा पांढरा पडतो. भिजल्यावर रंग बराचसा परत येतो आणि तो पक्काही चिकटतो. नीट बसला तर डॉक्टर तोच लावतील, त्याच्याइतका जुळणारा रंग दुसरा नाही. घरी फेविक्विक लावायचा प्रयत्न मात्र कुणालाही करू देऊ नका. तुकडा अपुरा वाटला तर ओठही तपासून घ्या. फुटलेल्या ओठात दाताचा कण रुतून बसतो आणि वरून जखम भरून येते.

तुकडा नाही बसला तर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचा मसाला. दात वाळला की जास्त पांढरा दिसतो, म्हणून मी रंग आधीच, ओल्या दातावर, खिडकीच्या उजेडात ठरवते. मग निळी जेल काही सेकंद लावून धुवायची. ते फॉस्फोरिक आम्ल असतं, त्याने इनॅमल सूक्ष्म खरबरीत होतं आणि मसाल्याला धरायला जागा मिळते. त्यावर चिकटवणारं द्रव्य, मग कंपोझिटचे पातळ थर. प्रत्येक थरावर निळा प्रकाश धरून तो कडक करायचा, शेवटी घासून गुळगुळीत. दात कापावा लागत नाही. काही वर्षांनी तुटलं किंवा हळद-चहाने डागाळलं तर पुन्हा करता येतं. कॅपसाठी मात्र दात चहूबाजूंनी कापावा लागतो. या वयात आतली नस मोठी असते, तिला धोका. कॅप अठराच्या पुढे, तेही गरज असेल तरच.

सासूबाईंनी लवंग मायेने लावली, पण आता बंद करा. तिच्यातलं युजेनॉल कंपोझिटला नीट कडक होऊ देत नाही, हिरडीही पोळते. आधी तेल लावलंय हे डॉक्टरांना सांगा.

जेवण नेहमीचंच द्या. भाकरी दुधात कुस्करून, बट्टी वरणात चुरून, भरीत तर चालतंच. पुढच्या दातांनी ऊस सोलणं, अख्खा पेरू चावणं बंद. दोन महिन्यांच्या आत आणि पुन्हा वर्षाने दाखवा. दात राखाडी पडला किंवा हिरडीवर पुळी आली, तर दुखत नसलं तरी लगेच या. नस बऱ्याचदा गुपचूप मरते.

आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी : पक्का दात मुळासकट निघाला तर त्याला पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका. माती असेल तर दुधाने हलकेच धुऊन त्याच जागी बसवा आणि पोराला स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमलं नाही तर दुधात टाकून अर्ध्या तासात दवाखाना गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

प्रश्न : वय ५४. सुपारी फोडताना दाढेची कड तुटली. दुखत नाही, पण जिभेला टोचते. दुर्लक्ष केलं तर चालेल का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : नाही, दादा. दाढ बहुधा आधीच आतून किडलेली किंवा तडकलेली असते, सुपारी निमित्त होते. कड गुळगुळीत करायला काही मिनिटं लागतात, भरायचं की कॅप ते एक्स-रे बघून ठरेल. तोवर त्या बाजूने चावू नका. सुपारी, मिशरी किंवा तंबाखू सुरू असेल तर जिभेवर रोज टोचणारी ही जागा मला अजिबात चालणार नाही. तिथला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तर थेट जिल्हा रुग्णालयात जीभ दाखवा, दाढेचं नंतर बघू.