दहावीला 91 टक्के, अकरावीत 25 पैकी 6

गणपती उठले की अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टचे पेपर घरी येतात आणि मी समुपदेशक असल्यामुळे माझा फोन सुरू होतो. वाक्य एकच, फक्त आया बदलतात. "मॅडम, दहावीला नव्वदच्या वर होते हो, आता पासिंगचे पण वांधे, मोबाईलमुळेच ना?"

कधीकधी मोबाईल असतोही. पण निफाडकडच्या एका मुलाची गोष्ट सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). शाळा पूर्ण मराठी मीडियम, अकरावी सायन्स नाशिकला इंग्लिशमधून, फिजिक्समध्ये 25 पैकी 6. आई बोलत होती आणि हा नखं कुरतडत बसलेला.

आईला बाहेर बसवलं तेव्हा म्हणाला, "मी हुशार नव्हतोच, दहावीला सगळ्यांनाच मिळतात."

मी माणसाच्या रडण्यापेक्षा त्यामागचं वाक्य आधी पकडते, आमची पठडीच तशी आहे. इतकं ठाम वाक्य असेल तर ते तपासायलाच हवं. त्याला पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायला लावलं, अडेल त्या शब्दाखाली पेन्सिल. पानभर सोळा रेघा! त्यातले फिजिक्सचे शब्द पाचच, बाकी रिस्पेक्टिव्हली, निग्लेक्ट, हेन्स असले. (मी कॉमर्सवाली, त्यामुळे ते पाच मलाही येत नव्हते.)

पुढच्या वेळी पुस्तक मिटून विचारलं, "त्वरण म्हणजे काय रे?"

"वेग किती पटकन बदलतो ते. द्राक्षाच्या क्रेटनी भरलेला ट्रॅक्टर गिअर टाकला तरी हळूहळू पळतो, रिकामा लगेच पळतो."

मी पुस्तक उघडून ॲक्सलरेशनवर बोट ठेवलं. तो बघतच राहिला. मग पेन्सिल घेऊन त्याने स्वतःच बाजूला 'त्वरण' लिहिलं आणि म्हणाला, "म्हणजे हे मला येतंय की!" इतकी वर्षं झाली तरी असा क्षण आला की मला आतून भारी वाटतं, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून अशा प्रत्येक मुलाला मी आधी एक काम देते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्यातलं नववी-दहावीचं इंग्लिश मीडियमचं विज्ञान घ्यायचं आणि आपल्याला मराठीत पाठ असलेलाच धडा त्यात वाचायचा. रोज वीस मिनिटं, अडलेले शब्द वहीत. धडा ओळखीचा असल्यामुळे डोकं फक्त भाषेशी झगडतं, दोन आघाड्यांवर लढावं लागत नाही. महिना-दीड महिना लागतो, आणि तेवढ्यात क्लास बदलू नका प्लीज, नवीन सर पण इंग्लिशमध्येच शिकवणारेत.

आणि ते "अकरावी आरामाची, बोर्ड तर बारावीला" हे डोक्यातून काढा. नीटला दोन्ही वर्षांचा सिलॅबस असतो, सीईटीतही साधारण 20 टक्के अकरावीचंच असतं. पण म्हणून पोराला पहिल्याच टेस्टवरून धारेवर धरू नका, दहावीच्या टक्क्यांशी तुलना तर अजिबात नको, ती परीक्षा त्याने त्याच्या भाषेत दिली होती.

त्या निफाडकडच्या मुलाला दुसऱ्या टेस्टला 11 आले. आई म्हणाली, "अकराच?" हा शांतपणे म्हणाला, "सहाचे अकरा झालेत, आई."

पुढचं सेशन मी आईचं ठेवलंय.