टँकर पलटला, पण पंचनाम्यात विहीर कुठे आहे?

प्रश्न : वावराच्या धुऱ्याजवळ डिझेलचा टँकर पलटला. तलाठ्यांनी पंचनाम्यात तूर लिहिली, विहीर सोडली. आता?
– शेतकरी, मेहकर तालुका

पुरवणी पंचनाम्यासाठी तहसीलदारांना आजच लेखी अर्ज द्या. विहीर, बोअर, नाला, जनावरांचं पिण्याचं पाणी, सगळं त्यात मागा. आपल्या यंत्रणेला सवय अतिवृष्टीच्या पंचनाम्याची : किती हेक्टर, ३३ टक्क्यांच्या वर की खाली. डिझेलचं नुकसान त्या रकान्यांत मावत नाही. भेगाळलेल्या काळ्या मातीतून ते थेट मुरुमापर्यंत उतरतं आणि पावसाळ्यात पाणीपातळी चढली की विहिरीत तवंग दिसू लागतो. तोवर फाईल बंद झालेली असते.

पाण्याचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडूनच घ्यायला लावा. बाटली काचेची. एक नमुना नाल्याच्या वरच्या अंगाचा, जिथं तेल पोहोचलंच नाही, तोही हवा. तो नसेल तर ‘पाणी आधीपासूनच असं होतं’ म्हणायला समोरचा मोकळा.

प्रश्न : भरपाईसाठी किती मुदत असते? – वाशीम

राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ. पिकाची भरपाई आणि विहीर-जमीन पूर्ववत करून देणं, दोन्ही मागा.

प्रश्न : समृद्धी महामार्ग गावाला लागून आहे. आधीच काय तयारी करावी? – सरपंच, वर्धा जिल्हा

समुद्रातल्या तेलगळतीसाठी राष्ट्रीय आराखडा आहे, त्याची सूत्रं तटरक्षक दलाकडे. तुमच्या नाल्यावर ते दल येणार नाही. इथं जबाबदारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांची. २००५च्या कायद्यानुसार जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. महामार्गाच्या कोणत्या मोरीखालचं पाणी कोणत्या नाल्याला आणि पुढे कोणत्या पाणीपुरवठा विहिरीकडे जातं, हा नकाशा त्यात आहे का, हे ग्रामसभेच्या ठरावाने विचारा.

दुसरी मागणी माझ्या मते याहून मोठी. महामार्गाकाठच्या विहिरींचं पाणी काही घडण्याआधीच तेलासाठी तपासून ठेवा. नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत तेल पाहत नाहीत. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्झॉन वाल्डेझ’ जहाज फुटलं, तेव्हा आधी पक्षी-मासे किती होते याच्या नोंदी अपुऱ्या होत्या. नुकसान किती, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. अमेरिकेची ती गत, तर आपल्या ग्रामपंचायतीची काय!

प्रश्न : पथक येईपर्यंत गावाने काय करावं? – यवतमाळ

आधी ११२. मग टँकरवरच्या धोक्याच्या पाटीवरचा चार आकडी क्रमांक (गाडीचा नंबर नव्हे) लांबूनच वाचा : १२०३ म्हणजे पेट्रोल, तिकडे फिरकूही नका. १२०२ म्हणजे डिझेल. कॅन घेऊन धावणाऱ्यांना मात्र दोन्ही वेळा अडवा.

डिझेल नाल्यात उतरलं असेल, तर खालच्या अंगाला, सुरक्षित अंतरावर वाळूच्या पोत्यांचा बांध घाला आणि त्यात पाइप असा बसवा की आतलं तोंड बुडून राहील. पाणी तळातून निघून जातं, तेल वर अडतं. कपड्याची पावडर टाकू नका. तेल फुटून पाण्यात मिसळतं. अडलेल्या तेलावर कवडी कापूस, म्हणजे हलक्या प्रतीचा कच्चा कापूस, पसरा. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, म्हणून तो पाणी झिडकारून तेल शोषतो. दवाखान्यातला पांढराशुभ्र कापूस इथं कामाचा नाही, तो पाणीच पितो. भिजलेला कापूस जाळू नका, उकिरड्यावरही टाकू नका; ड्रममध्ये भरून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ताब्यात द्या आणि पोच घ्या.