सायकलवरून मुंबई : कापसाच्या वाटेनं फिरा

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय 46. मे महिन्यात लेकीला घेऊन मुंबईला जायचं ठरवतेय. मार्गदर्शकासोबत सायकलवरून शहर बघायचं, तेही मध्यरात्री, असं तिनं डोक्यात घेतलंय. मी भाजी आणायला अजून सायकलच नेते, पण मुंबईची रहदारी म्हटलं की पोटात गोळा येतो. झेपेल का? सी लिंकवरून सायकल नेता येते का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : ताई, झेपेल. अंबाजोगाईचे चढ-उतार रोज पायाखाली घालणाऱ्या बाईला कुलाबा-फोर्टचा भाग म्हणजे सपाट माळच आहे. सी लिंकचं मात्र लेकीला आत्ताच सांगून टाका. तिथं सायकलला बंदी आहे, कोस्टल रोडवरही आहे.

मध्यरात्रीच्या दौऱ्यात मरीन ड्राइव्हचे दिवे सुंदर दिसतात, हे खरं. पण शहर कामाला लागलेलं बघायचं असेल तर पहाटेचाच दौरा घ्या, शक्यतो रविवारचा. फोर्टमधली ऑफिसं बंद असतात, रस्ते मोकळे मिळतात आणि तुमच्या पोटातला गोळाही विरघळतो.

ससून डॉक अजिबात चुकवू नका. 1875 साली बांधलेली ही गोदी आजही पहाटे मासळीच्या लिलावानं गजबजते. बर्फाचा चुरा, पाण्यानं निसरडी झालेली फरशी, डोक्यावर पाटी घेऊन वाट काढणाऱ्या कोळणी. मी थांबले होते तिथं एका कडेला बायका कोळंबी सोलत बसल्या होत्या. नखानं एक चीर, अंगठ्याचा एक झटका, की साल बाजूला. बोलणं चालू, नजर भलतीकडे, हात मात्र थांबत नव्हते. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बायांचे हात असेच चालतात. आत सायकल नेऊ नका, बाहेर लावून चालत जा, आणि भिजले तरी चालतील असे बूट घाला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा मे महिना उलटू देऊ नका.

कापसाचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझं लहानपण सेलूच्या मोंढ्यात कापसाच्या गाड्या बघत गेलं, म्हणून मला मुंबई कापसाच्या वाटेनं बघायला आवडते. मार्गदर्शकाला तसं आधीच सांगून ठेवा. आजचं हॉर्निमन सर्कल हे पूर्वीचं मोकळं मैदान, तिथं कापसाच्या गाठी रचलेल्या असत. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईतून जाणाऱ्या आपल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि भलेभले पेढीवाले रस्त्यावर आले. भाव पडला की घरात काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. त्या तेजीत कमावलेल्या आणि मंदीत बुडालेल्यांपैकी एक प्रेमचंद रायचंद. त्यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावानं उभा राहिलेला राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला. ओव्हल मैदानाच्या कडेनं सायकल हळू घ्या. एका हाताला हा टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या हाताला आर्ट डेको, म्हणजे गोलसर कोपऱ्यांच्या आणि सरळ पट्ट्यांच्या जुन्या धाटणीच्या घरांची रांग. हा सगळा परिसर 2018 पासून जागतिक वारसा यादीत आहे. माझ्या मते दौऱ्यातला सगळ्यात मोलाचा तुकडा हाच. गेटवे (1924) आणि ताज तर वाटेत लागतातच, तिथं फोटो काढून पुढं निघालात तरी चालेल.

बुकिंग करताना किलोमीटर विचारू नका, थांबे किती ते विचारा. सगळ्यांच्या मागे राहणारा दुसरा माणूस असतो का, हेल्मेट मिळतं का, हेही विचारून घ्या. सायकल तेच देतात. निघण्याआधी सीट खाली करून घ्या, बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. दोन्ही ब्रेक दाबून बघा. ओढणी कमरेला घट्ट बांधा, चेनमध्ये अडकली तर पडायला होतं.

एक मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडचं ऊन कोरडं, घाम आला तरी वाळतो. मुंबईत तो वाळत नाही, सकाळी सातलाच कपडे चिंब होतात. मीठ-साखरेचं पाणी बाटलीत भरून घ्या आणि तहान लागायच्या आधीच घोट घोट प्या.

लातूरहून रात्रीच्या गाडीनं गेलात तर उतरल्या दिवशी दौरा ठेवू नका. एक रात्र फोर्ट किंवा कुलाब्यातच मुक्काम करा, कारण पहाटे साडेपाचला लांबून येणं दोघींना जड जाईल. दौरा संपला की जवळच्या इराणी हॉटेलात बन-मस्का आणि चहा घ्या. पोहे-उपम्याची वाट बघत बसू नका.